बायजाबाईंचे खोगीर आणि पुरुषीपणाची मोजपट्टी

१८३५ साली बायजाबाई शिंदे फत्तेगढच्या छावणीत मुक्कामाला होत्या. त्यांचे पती दौलतराव शिंदे १८२७ मध्ये गेले, तेव्हापासून सहा वर्षे ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंनी पाहिला. १८३३ मध्ये दत्तकपुत्र जनकोजीरावांच्या पक्षाने त्यांना राज्याबाहेर काढले आणि त्या गंगेकाठी येऊन राहिल्या. फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिथे त्यांच्या भेटीला जात असे. १८५० साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तिने घोड्यावर बसण्याचा एक प्रसंग नोंदवला आहे. इंग्रज बायका तेव्हा दोन्ही पाय एकाच अंगाला सोडून, खास त्यांच्यासाठी केलेल्या खोगिरावर बसत. पार्क्सबाई तशी बसलेली पाहून बायजाबाईंच्या परिवारातल्या बायकांना हसू आवरेना, कारण त्या स्वतः दोन्ही बाजूंना पाय टाकून, पक्की मांड ठोकून घोडा फेकत. मग पार्क्सबाईने मराठी वेश करून तशी मांड घालून पाहिली आणि ती तिला मनापासून पटली. त्या काळात लंडनच्या एखाद्या विद्वानाने पुरुषी आणि बायकी वागण्याची यादी केली असती, तर मांड घालून बसणे त्याने डोळे मिटून पुरुषांच्या रकान्यात टाकले असते. ग्वाल्हेरच्या वाड्यात तीच यादी झाली असती, तर हा प्रश्न तिच्यात आलाच नसता.

मानसशास्त्रात गेली नव्वदएक वर्षे माणसाच्या स्वभावातले पुरुषी आणि स्त्रैण गुण मोजण्याच्या चाचण्या केल्या जात आहेत. त्या विद्यापीठांत शिकवल्या जातात, प्रबंधांत वापरल्या जातात, आणि क्रीडा मानसशास्त्रात तर महिला खेळाडूंना त्या वारंवार भरायला दिल्या गेल्या आहेत. ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरला लागून जिवाजी विद्यापीठ आहे. १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी स्थापन झालेली आणि राणी लक्ष्मीबाईंचे नाव लावणारी शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्थाही याच शहरात आहे. म्हणजे स्वभाव मोजू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना इथे तोटा नाही. त्यांच्यासमोर आणि एकूणच मराठी वाचकासमोर मला एक म्हणणे मांडायचे आहे. या चाचण्या माणसाच्या आत दडलेला पुरुषीपणा किंवा स्त्रीपणा मोजत नाहीत. एका विशिष्ट समाजाने एका विशिष्ट काळी पुरुषाचे आणि बाईचे जे चित्र रंगवले, त्या चित्राशी माणूस किती जुळतो एवढेच त्या मोजतात. त्यांतून जे खरोखर उपयोगी हाती लागते त्याला साधी, नेमकी नावे आहेत, आणि ती वापरली तर लिंगाचे लेबल लावण्याची गरज उरत नाही.

पहिली मोठी चाचणी लुईस टर्मन आणि कॅथरीन कॉक्स माइल्स यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केली. बुद्ध्यंकाच्या चाचणीमुळे टर्मन यांचे नाव आधीच जगभर झाले होते. नव्या चाचणीत साडेचारशेच्या वर प्रश्न होते: शब्द वाचून काय आठवते, शाईच्या डागात काय दिसते, कशाची भीती वाटते, कशाचा राग येतो, कोणती पुस्तके आवडतात. उत्तर देणाऱ्याला खरा हेतू कळू नये म्हणून नाव ठेवले होते वृत्ती आणि आवडींच्या विश्लेषणाची चाचणी. गुण देण्याची रीत अगदी सरळ होती. जे उत्तर पुरुषांनी जास्त दिले त्याला अधिक एक, जे बायकांनी जास्त दिले त्याला उणे एक. त्या उत्तराचा पुरुषपणाशी काय संबंध, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. फरक दिसला एवढे पुरे. दुसरे गृहीतक याहून घातक होते. पुरुषीपणा आणि स्त्रैणता ही एकाच रेषेची दोन टोके धरली गेली, म्हणजे एक वाढले की दुसरे कमी होणारच. १९४० च्या दशकात आलेल्या मिनेसोटाच्या प्रसिद्ध व्यक्तिमत्त्व चाचणीतही अशीच एक पट्टी होती, आणि तिच्या बांधणीत अवघ्या १३ समलैंगिक पुरुषांचा गट कसोटी म्हणून वापरला होता. इतक्या तोकड्या पायावर उभी राहिलेली पट्टी पुढे दवाखान्यांत आणि नोकरीच्या निवडीत माणसांची पारख करायला वापरली गेली. कित्येकांच्या वाट्याला त्यातून निष्कारण संशय आला असेल, हा विचार अस्वस्थ करतो. १९७३ मध्ये ॲन कॉन्स्टँटिनोपल यांनी या सगळ्या चाचण्या तपासल्या आणि त्यांच्या तीन गृहीतकांवर बोट ठेवले: केवळ उत्तरांतला फरक म्हणजे पुरुषीपणा नव्हे, ही दोन टोके असल्याचा पुरावा नाही, आणि ही एकच एक गोष्ट आहे हेही सिद्ध झालेले नाही.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, स्टॅनफर्डच्या सँड्रा बेम यांची प्रश्नावली आली आणि या विषयाचे सगळे वळणच बदलले. तिच्यात ६० गुण आहेत: २० पुरुषी, २० स्त्रैण आणि २० कुठल्याच बाजूचे नसलेले. प्रत्येक गुण आपल्याला किती लागू पडतो हे १ ते ७ मध्ये सांगायचे. स्वावलंबी, महत्त्वाकांक्षी, धोका पत्करणारा, ठाम भूमिका घेणारा हे एका रकान्यात. प्रेमळ, मृदुभाषी, इतरांच्या गरजा ओळखणारी, दुखावलेल्याचे सांत्वन करणारी हे दुसऱ्या रकान्यात. दोन्हींचे गुण वेगळे मोजायचे, त्यामुळे एकच माणूस दोन्हींत वर असू शकतो. अशा उभयगुणी माणसाला प्रसंगानुसार वागता येते, असे बेम यांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्यांनी प्रयोगही केले. १९७६ च्या एका प्रयोगात त्यांनी आणि एलन लेनी यांनी विद्यार्थ्यांना कामांच्या जोड्या देऊन त्यांतले एक निवडायला सांगितले. ते करताना त्यांचे फोटो काढले जाणार होते. फळ्या खिळ्यांनी जोडणे, कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घालणे ही पुरुषांची मानलेली कामे. रुमालांना इस्त्री करणे, तान्ह्याची दुधाची बाटली तयार करणे ही बायकांची. आपल्या लिंगाला न शोभणाऱ्या कामाला जास्त पैसे मिळत असूनही, प्रश्नावलीत ठरावीक साच्याचे निघालेले विद्यार्थी ते टाळत होते. बिजागरीला तेल घालण्याइतक्या किरकोळ कामालाही माणसे बिचकतात, आणि त्यापायी पदरचे पैसे सोडतात! साचा माणसाला किती आवळतो, हे इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कुणी दाखवले असेल.

पण प्रश्नावलीचे साठ गुण आले कुठून? बेम यांनी स्टॅनफर्डच्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांना विचारले की अमेरिकन समाजात अमुक गुण पुरुषाच्या ठायी असणे किती इष्ट मानले जाते आणि बाईच्या ठायी किती. ज्या गुणांबाबत मुले आणि मुली दोघांचेही मत एका बाजूला झुकले, ते यादीत आले. म्हणजे ही यादी १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या एका श्रीमंत विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणांच्या लोकमताची आहे, आणि बेम यांनी ते कधी लपवले नाही. घोटाळा पुढे झाला. ती यादी उचलून, तिचे भाषांतर करून, दुसऱ्या समाजातल्या माणसांना पुरुषी किंवा स्त्रैण ठरवायला लोक मोकळे झाले. स्त्रैण रकान्यात भोळसट, बालिश आणि खुशामतीला भुलणारी हेही गुण होते, कारण त्या परीक्षकांच्या मते बाईने असे असणे त्या समाजात चालून जात होते. पेधाझूर आणि टेटेनबॉम यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की बाईपुरते न पाहता एकूणच प्रौढ माणसाच्या ठायी हे गुण हवेत का असे विचारले, तर त्यांतले कित्येक कुणाला नको असतात. १९८१ च्या संक्षिप्त आवृत्तीत बेम यांनी असे गुण गाळले.

याबाबतीत मराठीत एक मोठा पूर्वाधार आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर चाललेल्या खटल्यावरून बायकांच्या चारित्र्यावर जी चिखलफेक झाली, तिच्या संतापातून ते पुस्तक आले. त्यांची युक्तिवादाची रीत पाहण्यासारखी आहे. बायकांच्या माथी मारलेले दुर्गुण त्या एकेक करून घेतात आणि विचारतात, हाच दुर्गुण पुरुषात नाही काय? मोजमापाच्या भाषेत याचा अर्थ असा, की कोणताही गुण एका लिंगाच्या नावावर चढवण्याआधी तोच प्रश्न दोघांना, एकाच मापाने विचारला पाहिजे. टर्मन यांच्या चोपन्न वर्षे आधी बुलढाण्याच्या एका बाईने ही अट घातली होती, आणि ती अजून सगळ्या चाचण्यांना पेललेली नाही.

याहून खोल अडचण राणी लक्ष्मीबाईंच्या उदाहरणातून दिसते. राणीची समाधी ग्वाल्हेरच्या फुलबागेत आहे. १८५८ च्या जूनमध्ये या शहराच्या वेशीवरच त्या लढताना पडल्या. त्यांच्याविरुद्ध लढलेल्या ह्यू रोझने बंडवाल्यांच्या नेत्यांत त्यांना सर्वांत शूर आणि सर्वोत्तम ठरवले. तेव्हापासून इंग्रजांनी आणि आपणही त्यांचे कौतुक बहुधा एकाच सुरात केले: ही बाई पुरुषासारखी लढली. झाशीच्या वेढ्यात स्वतः हजर असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे मात्र ‘माझा प्रवास’मध्ये अधिक भरलेली राणी दाखवतात. ती सकाळी व्यायाम करते, घोड्यांची तिला उत्तम पारख आहे, कधी पुरुषी पोशाख करते तर कधी बायकी. थंडीने काकडणाऱ्या गोरगरिबांना ती कपडे वाटते, आणि जखमी शिपायांची स्वतः जाऊन विचारपूस करते. बेम यांच्या दोन्ही रकान्यांत राणीला भरघोस गुण मिळाले असते. पण लोकांच्या स्मरणात एकच रकाना राहिला, आणि तोही पुरुषांच्या खात्यावर जमा झाला. पट्टीचा दोष इथेच आहे. शौर्य हा पुरुषी गुण असे एकदा ठरवले, की शूर बाई भेटली तरी तो ठराव मागे घेतला जात नाही. उलट त्या बाईलाच पुरुषी गुण दिले जातात. एक लक्ष्मीबाई, एक बायजाबाई, एक अहिल्याबाई, किती आल्या तरी अपवादांची यादी लांबत जाते आणि नियम जागचा हलत नाही. विरुद्ध पुरावा समोर आल्यावर जी मोजपट्टी तो गिळून टाकते, तिला शास्त्रात मान असू नये.

मग या प्रश्नावल्या नेमके काय मोजतात? याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर बेम यांच्या समकालीन जॅनेट स्पेन्स यांनी दिले, आणि त्याचे मोल अधिक अशासाठी की अशीच एक प्रश्नावली त्यांनी स्वतः रॉबर्ट हेल्मराइच यांच्याबरोबर १९७४ मध्ये केली होती. पुढे त्या ठामपणे सांगू लागल्या की आपल्या आणि बेम यांच्या पट्ट्यांना पुरुषीपणा आणि स्त्रैणता म्हणणे चुकीचे आहे. एक पट्टी कर्तेपणा मोजते: निर्णय घेणे, आपले म्हणणे रेटणे, काम तडीस नेणे. दुसरी जिव्हाळा मोजते: दुसऱ्याचे मन जाणणे, माया करणे, सांभाळून घेणे. बेम यांच्या यादीत पुरुषी आणि स्त्रैण हे दोन शब्दही गुण म्हणून होते. उत्तरांची सांख्यिकीय छाननी केली तेव्हा ते दोन्ही बाकीच्या गुणांपासून फुटून वेगळे पडले, आणि भरणाऱ्याचे लिंग काय यापलीकडे त्यांतून फारसे कळेना. लोक स्वतःला बाई म्हणून पूर्णपणे ओळखत असतानाच महत्त्वाकांक्षी होते, आणि पुरुष म्हणून ओळखत असतानाच मायाळू होते. हा निकाल विषय जवळजवळ मिटवणारा होता, तरी जुनी नावे पाठ्यपुस्तकांतून गेली नाहीत, कारण ती चटकन समजतात आणि मथळ्यात शोभतात.

काळाने दिलेला पुरावाही याच बाजूचा आहे. जीन ट्वेंगी यांनी १९९७ मध्ये वीसेक वर्षांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अमेरिकन तरुणींचे तथाकथित पुरुषी गुण सतत चढत गेलेले आणि दोन लिंगांमधले अंतर घटलेले दिसले. २००१ च्या अभ्यासात त्यांनी बायकांचा ठामपणा १९३१ पासून तपासला. तो दुसऱ्या महायुद्धापर्यंत वाढला, युद्धानंतर बायका घराकडे लोटल्या गेल्या त्या दोन दशकांत उतरला, आणि १९६८ नंतर पुन्हा चढला. नोकरी, शिक्षण आणि समाजातले स्थान जसे हलले तसा आकडाही हलला. जन्मजात आणि अचल असे काही मोजले जात असते, तर तो असा वरखाली झाला नसता.

यावर पहिला आक्षेप असा येतो की फरक खरेच आहेत, आणि ते नाकारणे म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणे. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. पॉल कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २६ संस्कृतींतले, तर डेव्हिड श्मिट यांनी २००८ मध्ये ५५ देशांतले आकडे दिले. चिंताळूपणा आणि कोवळे मन यांत बायकांची सरासरी बहुतेक ठिकाणी वर आहे, आणि हे अंतर श्रीमंत, अधिक समतेच्या देशांत कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते. याचा अर्थ लावताना मात्र एक लक्षात ठेवावे लागते, की माणूस स्वतःला गुण देताना कुणाशी तरी तुलना करतो. सिटी सेंटरमधल्या एखाद्या बँकेची शाखा सांभाळणारी बाई ‘मी ठाम आहे का’ या प्रश्नाला उत्तर देताना आपल्या सासू-जावांकडे पाहते की मुख्य कार्यालयातल्या साहेबांकडे, यावर तिचा आकडा ठरतो. जिथे बायका बायकांशीच स्वतःला ताडून पाहतात तिथे फरक कागदावर झाकला जातो, जिथे सगळ्यांशी तुलना होते तिथे तो उघडा पडतो. शिवाय सरासरीतला फरक खरा असला तरी तो माणसाला लेबल लावण्याइतका मोठा नसतो. मानसशास्त्रात मध्यम मानला जाणारा, अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक घेतला तरी स्त्रिया आणि पुरुषांचे आलेख ऐंशी टक्के एकमेकांवर बसतात. यदृच्छेने एक पुरुष आणि एक बाई घेऊन शंभर जोड्या केल्या, तर सुमारे ६४ जोड्यांतच अपेक्षित बाजू वर निघेल. आणि जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ संकलित अभ्यास तपासले, तेव्हा ७८ टक्के फरक याहूनही लहान किंवा नगण्य निघाले.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. मार्को देल ज्युडिचे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये म्हटले की एकेक गुण सुटा पाहू नका, पंधरा गुण एकत्र धरा. तसे केल्यावर दहा हजारांहून अधिक अमेरिकनांच्या आकड्यांत स्त्री-पुरुषांचे आलेख जेमतेम दहा टक्के एकमेकांवर आले. गणित बरोबर आहे. पण पुरेशी मापे एकत्र केली की कोणतेही दोन गट असे वेगळे काढता येतात. ग्वाल्हेरचे आणि पुण्याचे मराठी लोकही शब्द, जेवण आणि सवयींची पंधरा मापे घेतली तर सहज वेगळे ओळखू येतील. त्यावरून प्रत्येकाच्या आत कमी-जास्त प्रमाणात ग्वाल्हेरीपणा नावाचा एक गुण आहे असे सिद्ध होत नाही. गट ओळखता येणे एक, आणि गुण सापडणे वेगळे. बॉबी कॅरदर्स आणि हॅरी राइस यांनी २०१३ मध्ये १३ हजारांवर माणसांचे आकडे तपासून हेच पाहिले, की स्वभावाच्या बाबतीत दोन सुटे गट पडत नाहीत, माणसे एका सलग पट्ट्यावर पसरलेली असतात.

मग प्रश्नावल्या फेकून द्यायच्या का? नाही. आपल्याकडे त्या आपल्या माणसांच्या मतावरून बांधायला हव्यात, आणि तसे झालेही आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या जयंती बसू यांनी २०१० मध्ये भारतीय संदर्भातली प्रश्नावली मांडली. मराठीत करायची तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांचे उत्तर कोल्हापूरच्या किंवा गडचिरोलीच्या घरांपेक्षा वेगळे येईल हे आधीच धरून चालावे लागेल. पण खरा उपयोग दोन गुण त्यांच्या स्वतःच्या नावाने मोजण्यात आहे. उभयगुणी माणूस मनाने अधिक निरोगी असतो, ही बेम यांची आशा पुरती खरी ठरली नाही. १९८३ मध्ये बर्नार्ड व्हिटली यांनी अभ्यास एकत्र केले तेव्हा आत्मसन्मानाचा संबंध मुख्यतः कर्तेपणाशी लागला. हे समजण्यासारखे आहे, कारण स्वतःच्या हिमतीवर विश्वास असणे आत्मसन्मानाच्या आणि कर्तेपणाच्या दोन्ही प्रश्नावल्यांत विचारलेले असते. व्हिकी हेल्गेसन यांनी १९९० च्या दशकात यात मोलाची भर घातली. जिव्हाळा माणसाला बाधत नाही. बाधतो तो स्वतःला पुसून टाकणारा जिव्हाळा, ज्यात दुसऱ्याचे सगळे होईपर्यंत आपली पाळी येत नाही. तसाच, कुणाची मदत न घेणारा, कुणाला न जुमानणारा कर्तेपणाही बाधतो. हृदयविकाराच्या रुग्णांवर केलेल्या त्यांच्या कामात या दोन्ही टोकांचा संबंध आजारातल्या त्रासाशी लागला. हे निष्कर्ष पुरुषी आणि स्त्रैण या नावांखाली दडले असते, तर डॉक्टरांनी बाईला एक सल्ला दिला असता आणि पुरुषाला दुसरा. नावे नेमकी असली की प्रश्नही नेमके होतात, आणि ते समोर बसलेल्या कुणालाही विचारता येतात: घरात दुसरे कुणी आजारी असेल तेव्हा तुमची औषधे वेळेवर होतात का? छातीत दुखायला लागल्यावर कुणाला सांगितले, आणि किती वेळाने?